कोलेस्टेरॉल नॉर्मल, तरी हृदयाला धोका? सीआरपीचा आकडा काय सांगतो आणि काय नाही

सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजी या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं एक निवेदन काढलं. कोलेस्टेरॉलच्या जोडीला रक्तातला दाहही मोजावा, आणि तो सरसकट सगळ्यांचा मोजावा, अशी त्यात शिफारस आहे. त्यासाठीच्या तपासणीचं नाव एचएस-सीआरपी; सीआरपी हे दाह झाला की रक्तात वाढणारं एक प्रथिन. तपासणी जुनीच आहे. पण त्या बातमीनंतर हे नाव हेल्थ चेकअपच्या पॅकेजांत आणि फॅमिली ग्रुपवरच्या मेसेजांत वारंवार दिसू लागलं. मी नागपुरात पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम करते. धंतोली-रामदासपेठेकडच्या दवाखान्यांतून चिठ्ठ्या घेऊन येणारे लोक काउंटरवर हमखास दोन प्रश्न विचारतात: "हे हृदयाचं आहे ना?" आणि "वाढलं म्हणजे ब्लॉकेज आहे का?" पहिल्याचं उत्तर अर्धं हो आहे. दुसऱ्याचं नाही. मधल्या जागेत बरंच काही आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे, कारण या एका आकड्यामुळे काही माणसं उगाच घाबरतात आणि काही उगाच निर्धास्त होतात. मला या निर्धास्त होणाऱ्यांची काळजी जास्त वाटते.

रक्तवाहिनीच्या भिंतीत काय घडतं

बोट कापलं किंवा घशात जंतू शिरला की पांढऱ्या पेशी तिथं जमतात, रासायनिक निरोप सोडतात, जागा लाल होते, सुजते, दुखते. शरीराच्या या प्रतिक्रियेला दाह म्हणतात. जखम भरली की तो शमतो आणि शमायलाच हवा. हृदयविकाराशी संबंध आहे तो न शमणाऱ्या दाहाचा. तो दुखत नाही, त्यानं ताप येत नाही, आणि तो वर्षानुवर्षं चालू राहतो.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्यांमध्ये चरबी आतून नुसती चिकटत जाते, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात ती भिंतीच्या आत शिरते. एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, त्याचे सूक्ष्म कण भिंतीच्या आतल्या अस्तरातून पलीकडे जातात आणि तिथं अडकतात. अडकल्यावर त्यांच्यात रासायनिक बदल होतात. शरीराला ते परके वाटू लागतात. मग पांढऱ्या पेशी आत शिरून ते गिळतात, गिळता गिळता चरबीनं फुगतात आणि तिथंच मरतात. उरलेल्या कोलेस्टेरॉलचे स्फटिक होतात. हे स्फटिक जवळपासच्या पेशींना पुन्हा चेतवतात आणि आणखी पांढऱ्या पेशी येतात. अशा रीतीनं भिंतीत जो थर वाढत जातो त्याला डॉक्टर प्लाक म्हणतात.

या थरावर तंतूंचं एक आवरण असतं. ते जाड आणि घट्ट असेल तर थर वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. दाह जास्त असेल तर पांढऱ्या पेशींतून निघणारी द्रव्यं हे आवरणच कुरतडतात. आवरण फाटलं की आतला माल रक्ताच्या संपर्कात येतो, काही मिनिटांत गुठळी होते आणि रक्ताची वाट बंद होते. हाच हार्ट अटॅक. म्हणूनच अँजिओग्राफीत ज्या थरामुळे वाहिनी फारशी अरुंद दिसत नाही, तोही फुटू शकतो. "मागच्या महिन्यात तर ट्रेडमिल टेस्ट चांगली आली होती," असं घरचे कळवळून सांगतात, तेव्हा टेस्ट खोटी होती असं नसतं. रक्ताची वाट किती मोकळी आहे हे त्या टेस्टनं सांगितलेलं असतं. आवरण किती पातळ झालंय हे ती सांगू शकत नाही.

हा विचार अलीकडचा नाही. रुडॉल्फ फिर्शो या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकातच रक्तवाहिन्यांच्या या आजारात दाह असतो असं मांडलं होतं. पुढं कोलेस्टेरॉलचं संशोधन एवढं वाढलं की ते बोलणं मागं पडलं. 1999 मध्ये रसेल रॉस यांनी हा आजार मुळात दाहाचा आजार आहे अशी मांडणी पुन्हा ठामपणे केली. आज कोलेस्टेरॉल आणि दाह ही दोन परस्परविरोधी मतं राहिलेली नाहीत. एलडीएल भिंतीत शिरल्याशिवाय थर बनत नाही, आणि दाहाशिवाय तो थर इतका घातक होत नाही.

सीआरपी येते कुठून

1930 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस हे दोन संशोधक न्यूमोनियाच्या रुग्णांचं रक्त तपासत होते. न्यूमोनियाच्या जंतूच्या पेशीभित्तीतल्या 'सी' नावाच्या एका घटकाशी या रुग्णांच्या रक्तातला कुठला तरी पदार्थ बांधला जातो, असं त्यांना दिसलं. रुग्ण बरा झाला की तो पदार्थ नाहीसा व्हायचा. त्याचं नाव पडलं सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, म्हणजेच सीआरपी.

हे प्रथिन यकृत बनवतं. शरीरात कुठंही दाह झाला की तिथल्या पेशी इंटरल्यूकिन-6 नावाचा रासायनिक निरोप रक्तात सोडतात. तो यकृतापर्यंत पोचला की यकृत सीआरपी बनवू लागतं. काही तासांत पातळी वाढते, साधारण दोन दिवसांत शिखर गाठते आणि कारण गेलं की झपाट्यानं उतरते. रक्तातली निम्मी सीआरपी सुमारे 19 तासांत निघून जाते.

कळमना बाजारात संत्र्यांच्या क्रेटची थप्पी लागलेली असते. जवळून जाताना सडका वास आला, तर थप्पीत कुठंतरी फळ सडलंय एवढं नक्की कळतं. कुठल्या क्रेटमध्ये, वरच्या की तळच्या, एक फळ की दहा, हे वासावरून कळत नाही. शेजारीच कचऱ्याचा ढीग कुजत असेल तर संत्र्याचा वास आहे की नाही, हेही कळणार नाही. आणि अत्तर शिंपडून वास घालवला, तरी सडकं फळ तसंच राहील. सीआरपी हा तो वास आहे. पुढच्या जवळजवळ सगळ्या प्रश्नांची उत्तरं यात सापडतात.

रिपोर्टवरची ती एक ओळ

सीआरपी दोन पद्धतींनी मोजतात आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो. तापात, न्यूमोनियात, ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतात ती साधी सीआरपी. तिथं आकडा 50, 100, 200 पर्यंत जाऊ शकतो आणि पाचाच्या आतला आकडा बऱ्याच रिपोर्टवर सरळ नॉर्मल म्हणून लिहिलेला असतो. हृदयाचा विचार करताना मात्र बहुतेक खेळ या पाचाच्या आतच असतो. तिथले बारीक फरक टिपू शकणारी जास्त संवेदनशील पद्धत म्हणजे एचएस-सीआरपी. प्रथिन तेच असतं, मोजण्यातली बारकाई वेगळी असते. म्हणून डेंग्यूच्या वेळी काढलेल्या साध्या सीआरपीच्या रिपोर्टवरून हृदयाबद्दल काहीही ठरवू नये.

एचएस-सीआरपीचे गट 2003 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि तिथल्या रोगनियंत्रण केंद्रानं ठरवले. लिटरमागे 1 मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर धोका कमी, 1 ते 3 मध्यम, 3 च्या वर जास्त. 10 च्या वर गेला तर तो आकडा हृदयासाठी वापरायचाच नाही. संसर्ग किंवा दुसरं काही चालू आहे असं धरून आधी ते शोधायचं आणि नंतर पुन्हा मोजायचं.

आता एकक बघा. काही प्रयोगशाळा निकाल मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. समजा रिपोर्टवर लिहिलंय: एचएस-सीआरपी 0.42, एकक मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. वाचणारा म्हणतो, एकाच्या आत आहे, छान. पण एका लिटरमध्ये दहा डेसिलिटर असतात. तो आकडा दहानं गुणला की 4.2 मिलिग्रॅम प्रति लिटर होतो, म्हणजे वरचा गट. उलटंही घडतं: एका ठिकाणी 0.2 आणि दुसऱ्या ठिकाणी 2 आलं म्हणून लोक हादरतात, आणि दोन्ही निकाल एकच असतात. कृपा करून आकड्याच्या शेजारी छापलेलं एकक वाचल्याशिवाय कुठल्याही तक्त्याशी तुलना करू नका.

या तपासणीला उपाशी पोटी यावं लागत नाही. पण सर्दी, ताप, दाढेचा गळू, पायावरची चिघळलेली जखम, नुकतंच झालेलं ऑपरेशन, यांपैकी काही असेल तर आत्ता येऊ नका. बरं वाटल्यावर निदान दोन आठवडे जाऊ द्या. 2024 च्या पावसाळ्यात नागपुरात चिकनगुनियानं घरंच्या घरं आडवी केली. अनेकांचे सांधे त्यानंतर कित्येक महिने धरलेले होते. अशा काळात काढलेली एचएस-सीआरपी हृदयाबद्दल काही सांगत नाही, कचऱ्याच्या ढिगाबद्दल सांगते. एकाच रिपोर्टवर कधीच थांबू नये, किमान दोन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा मोजून सरासरी धरावी, असा जो सल्ला दिला जातो तो याचसाठी. गर्भारपणात आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू असतानाही हा आकडा वर असतो. डॉक्टरांना हे आपण होऊन सांगावं.

"एवढा संदिग्ध आकडा असेल तर त्याचा उपयोग काय?"

शंका रास्त आहे. उत्तर आहे ते हजारो लोकांच्या दीर्घ निरीक्षणात. 1997 मध्ये पॉल रिडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पुरुष डॉक्टरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. सगळे तेव्हा धडधाकट होते. आधी साठवून ठेवलेल्या रक्तात ज्यांची सीआरपी सर्वांत वरच्या चौथाईत होती, त्यांना पुढच्या वर्षांत हार्ट अटॅक येण्याचं प्रमाण सर्वांत खालच्या चौथाईच्या सुमारे तिप्पट निघालं. विशेष म्हणजे रक्त घेतलं तेव्हा यातलं कुणीही आजारी नव्हतं.

2024 मध्ये याच गटानं 27,939 महिलांचा तीस वर्षांचा हिशोब मांडला. सुरुवातीला एकदाच रक्त घेतलं होतं. वरच्या पंचमांश आणि खालच्या पंचमांश महिलांची तुलना केली, तर जास्त एलडीएलमुळे धोका 36 टक्के, लिपोप्रोटीन (ए) या आनुवंशिक कणामुळे 33 टक्के आणि जास्त एचएस-सीआरपीमुळे 70 टक्के वाढलेला दिसला. तिन्ही जास्त असलेल्यांचा धोका अडीच पटीहून अधिक होता. आपल्याकडे पन्नाशीच्या बाईनं छातीत जड वाटतंय म्हटलं, की "अ‍ॅसिडिटी असेल" म्हणून ते उडवून लावलं जातं. तीस वर्षं आधीच्या एका रक्ताच्या नमुन्यातून बाईच्या हृदयाबद्दल इतकं कळू शकतं, ही मला या सगळ्या संशोधनातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

स्टॅटिन घेणाऱ्यांचंही बघा. 2023 मध्ये तीन मोठ्या चाचण्यांतल्या 31,245 रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. हे सगळे कोलेस्टेरॉलच्या गोळ्या आधीपासून घेत होते. त्यांच्यात पुढचा झटका किंवा मृत्यू यांचा अंदाज उरलेल्या एलडीएलपेक्षा एचएस-सीआरपीनं जास्त चांगला बांधता आला. गोळीनं कोलेस्टेरॉल उतरलं, तरी काहींचा दाह तसाच चालू असतो.

यातले बहुतेक अभ्यास पाश्चात्त्य देशांतल्या लोकांवर झालेत, ही मर्यादा मान्य करायला हवी. पण आपल्या बाबतीत निर्धास्त राहावं असंही काही नाही. 52 देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षं आधी आलेला दिसला. लंडनमधल्या भारतीय वंशाच्या लोकांची सीआरपी तिथल्या गोऱ्या लोकांपेक्षा जास्त असल्याचं 2001 मध्येच दिसलं होतं, आणि त्या फरकाचा संबंध मुख्यतः पोटाच्या चरबीशी आणि इन्सुलिन नीट काम न करण्याशी होता.

"म्हणजे सीआरपीमुळेच ब्लॉकेज होतं?"

नाही. हे फार सुंदर रीतीनं सिद्ध झालंय. काही लोकांच्या जनुकांत जन्मजात असा फरक असतो की त्यांची सीआरपी आयुष्यभर थोडी जास्तच राहते. सीआरपी स्वतः घातक असती तर या लोकांना झटके जास्त यायला हवे होते. 2008 आणि 2011 मधल्या मोठ्या अभ्यासांत हे तपासलं गेलं. तसं काही आढळलं नाही. मग एक पायरी मागं जाऊन इंटरल्यूकिन-6 चा निरोप स्वीकारणाऱ्या जनुकाकडे पाहिलं. ज्यांच्यात हा निरोप जन्मापासूनच क्षीण पोचतो, त्यांच्यात हृदयविकार कमी निघाला. हे निकाल 2012 चे. निरोप पाठवणारी साखळी आजारात सामील आहे, सीआरपी तिच्या शेवटी उमटणारी खूण आहे. म्हणून 'सीआरपी घटवणारं' असं लिहिलेली पावडर किंवा कॅप्सूल विकत घेताना थांबा. अत्तर शिंपडण्यापलीकडे त्यातून काही होत असल्याचा पुरावा आधी मागा.

"दाह कमी केला तर झटके टळतात का?"

याचा शोध वीस वर्षं चाललाय आणि निकाल सरळ रेषेत नाहीत.

2008 ची ज्युपिटर चाचणी: 17,802 लोक, एलडीएल 130 च्या आत, पण एचएस-सीआरपी 2 किंवा जास्त. निम्म्यांना रोसुव्हास्टॅटिन दिलं. हृदयाचे मोठे आघात 44 टक्क्यांनी घटले आणि चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. पण स्टॅटिननं दाहासोबत एलडीएलही निम्मं केलं होतं. श्रेय कुणाचं, हे त्यावरून ठरवता येईना.

ते ठरलं 2017 मध्ये. कँटॉस चाचणीत आधी झटका येऊन गेलेले 10,061 रुग्ण होते. त्यांना कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी दिलं. हे औषध दाहाच्या साखळीतला इंटरल्यूकिन-1 बीटा हा निरोप अडवतं आणि कोलेस्टेरॉलला हातही लावत नाही. तरीही 150 मिलिग्रॅमच्या मात्रेत मोठे आघात 15 टक्क्यांनी घटले. नुसता दाह शमवून झटके कमी होतात, हे माणसांत पहिल्यांदा सिद्ध झालं. पण त्याची किंमत मोजावी लागली: औषध घेणाऱ्यांत जीवघेणे संसर्ग जास्त झाले आणि एकूण मृत्यू घटले नाहीत. हृदयासाठी त्या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली नाही. पुढच्याच वर्षी संधिवाताचं जुनं आणि स्वस्त औषध मेथोट्रेक्सेट कमी मात्रेत वापरून पाहिलं. त्यानं ना सीआरपी उतरली, ना झटके घटले. दाह शमवणारं कुठलंही औषध चालेल, ही समजूत तिथं संपली.

सध्या चर्चा आहे ती कोल्चिसिनची. गाऊटसाठी, म्हणजे युरिक अ‍ॅसिडच्या सांधेदुखीसाठी, हे औषध फार जुनं आहे. रोज 0.5 मिलिग्रॅमच्या मात्रेनं 2019 च्या चाचणीत झटक्यानंतरच्या रुग्णांत आघात 23 टक्क्यांनी आणि 2020 च्या चाचणीत जुन्या हृदयरुग्णांत 31 टक्क्यांनी कमी झाले. 2023 मध्ये अमेरिकेत त्याला हृदयासाठी मंजुरी मिळाली. आणि 2024 मध्ये 7,062 रुग्णांच्या मोठ्या चाचणीत, झटक्यानंतर लगेच सुरू केलेल्या याच औषधाचा काहीच फायदा दिसला नाही. त्यामुळे कुठल्या रुग्णाला ते द्यावं याबद्दल तज्ज्ञांत आज मतभेद आहेत, आणि ते प्रामाणिक मतभेद आहेत.

इथं एक कळकळीचं सांगणं. पावसाळ्यात विदर्भाच्या जंगलात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी तुम्ही पाहिली असेल. तिच्या कंदात आणि बियांत हेच कोल्चिसिन असतं. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं आहे. किडनी कमजोर असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर गोळीचंही विष होऊ शकतं. कळलावीचा कंद कुणीही, कुठल्याही दुखण्यावर, पोटात घेऊ नये. आणि घरात कुणाच्या गाऊटसाठी आणलेली गोळी हृदयासाठी म्हणून आपल्या मनानं सुरू करू नये.

"माझा ईएसआर वाढलाय, तो चालेल का?"

ईएसआर म्हणजे उभ्या नळीत तांबड्या पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात याचं माप. दाहात तो वाढतो, पण वय, अ‍ॅनिमिया, गर्भारपण यांतही वाढतो आणि सावकाश उतरतो. आपल्या भागात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, एकमेकींवर नीट रचल्या जात नाहीत आणि म्हणून खाली बसत नाहीत. शरीरात दाह असूनही ईएसआर फसवा कमी येतो. हृदयाच्या धोक्यासाठी ईएसआर वापरत नाहीत.

पॅकेजांत होमोसिस्टीन हे रक्तातलं अमिनो आम्लही असतं. तो दाहाचा निर्देशक नाही. शाकाहारी माणसांत बी-12 कमी असलं की तो वाढतो. बी-12 आणि फॉलिक अ‍ॅसिडनं तो उतरतो, पण उतरवून हार्ट अटॅक कमी होत नाहीत हे 2006 च्या मोठ्या चाचण्यांनी दाखवलं. बी-12 कमी असेल तर नसांसाठी आणि रक्तासाठी घ्या, हृदयविमा म्हणून नको. फायब्रिनोजेन, इंटरल्यूकिन-6 हे निर्देशकही संशोधनात महत्त्वाचे आहेत, पण त्यांचे आकडे हातात घेऊन उपचार बदलण्याइतकी स्पष्टता अजून नाही. पैसे मोजकेच असतील तर माझ्या मते आधी रक्तदाब, साखर आणि लिपिड प्रोफाइल, मग आयुष्यात एकदा लिपोप्रोटीन (ए), आणि त्यानंतर एचएस-सीआरपी.

"दोनदा 3 च्या वर आला. आता?"

आधी कारण शोधा. हिरड्यांतून रक्त येतं का? पाठीवर-कोपरावर सोरायसिस आहे का? सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे तासभर आखडलेले राहतात का? संधिवाताभ (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) असेल तर हृदयविकाराचा धोका मुळातच दीडपट धरतात, आणि तरी सांध्यांवर उपचार घेणाऱ्या किती बायकांचं कोलेस्टेरॉल कुणी तपासलेलं असतं?

यातलं काहीच नसेल तर बहुतेक वेळा बोट पोटाकडे जातं. पोटाच्या आतली चरबी इंटरल्यूकिन-6 सोडत असते. भारतीयांसाठी कंबरेची मर्यादा पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 80 सेंटिमीटर आहे. पँटचा नंबर बघू नका, बेंबीच्या पातळीवर टेप लावा. वजन उतरलं की सीआरपी उतरते, आणि इथं वासासोबत सडणंही कमी होतं. अंबाझरीला किंवा फुटाळ्याला रोज चालणाऱ्यांनी एवढंच तपासावं की परतीच्या वाटेवरच्या तर्री-पोह्यांनी हिशोब फिटत तर नाही ना.

सिगारेट-बिडीनं सीआरपी वाढते, सोडल्यावर हळूहळू घटते. खर्ऱ्याचं वेगळं बोलायला हवं. पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना टाकून घोटून दिलेली ती पुडी नागपुरात ऑफिसच्या टेबलापासून शाळेच्या दारापर्यंत पोचलीय. तोंडाच्या कॅन्सरची भीती लोकांना निदान माहीत तरी आहे. पण इंटरहार्टमध्ये नुसती तंबाखू चघळणाऱ्यांतही हार्ट अटॅकची शक्यता न खाणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त दिसली. यात अडचण अशी की खर्रा खाणाऱ्याची एचएस-सीआरपी कमीही येऊ शकते. एकाच्या आतला आकडा दाखवून "बघा, मला काही नाही" म्हणणारा माणूस मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. तंबाखूचा घाव दाहाशिवाय इतर मार्गांनीही बसतो. कमी सीआरपी म्हणजे खर्ऱ्याला मिळालेला परवाना नव्हे.

हवेचाही वाटा आहे. अतिसूक्ष्म धूलिकण फुप्फुसांत दाह निर्माण करतात आणि हृदयविकाराशी त्यांचा कार्यकारणसंबंध आता मान्य झालाय. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या चिमण्यांजवळ राहणाऱ्या माणसाला व्यायाम आणि आहाराचा उपदेश करून आपण मोकळे होऊ शकत नाही. ते काम एकट्या रुग्णाचं नाही.

औषधाचा प्रश्न डॉक्टरांसमोर ठेवा. ज्यांचा एकूण धोका मधल्या गटातला आहे, स्टॅटिन सुरू करावं की थांबावं असं चाललंय, त्यांच्या बाबतीत एचएस-सीआरपी 2 किंवा जास्त असेल तर पारडं सुरू करण्याकडे झुकतं. स्टेंट आधीच बसलेला असेल तर स्टॅटिन घ्यायचंच आहे, आकडा काहीही येवो. सीआरपी उतरली म्हणून गोळी बंद करू नये. हळदीच्या दुधाबद्दल रोज विचारणा होते. आवडत असेल तर जरूर प्या. हळदीनं हार्ट अटॅक कमी झाल्याचं कुठल्याही मोठ्या चाचणीत दिसलेलं नाही, त्यामुळे गोळीच्या जागी ती नको.

छातीत दुखत असेल तेव्हा

ही तपासणी येत्या वर्षांचा अंदाज देते, आत्ताच्या मिनिटांचा नाही. छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, घाम, धाप, आणि बायकांमध्ये किंवा मधुमेह असलेल्यांमध्ये नुसता असह्य थकवा किंवा मळमळसुद्धा, अशा वेळी लॅबमध्ये येऊन "सीआरपी काढा" म्हणू नका. तेव्हा हवा असतो ईसीजी, आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात येणाऱ्या ट्रोपोनिनची तपासणी. पहिला ईसीजी चांगला आला तरी डॉक्टर थांबवून घेतील, काही वेळानं दोन्ही पुन्हा करतील. त्यांना करू द्या. स्वतः गाडी चालवू नका, 108 ला फोन करा किंवा कुणाला तरी घेऊन मेडिकल, मेयो ही नागपुरातली सरकारी रुग्णालयं किंवा जे जवळ असेल त्या ईसीजीची सोय असलेल्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात पोचा.